आठ डिसेंबरचं यंत्र

आठ डिसेंबरला यंत्र वर जायचं,
तेराच्या आत खाली यायचं.
ओतीव लोखंडाचं, टेबलाच्या कडेला पेचानं आवळायचं,
वरून सुके अंजीर, मनुका, संत्र्याची साल कोंबायची
आणि दांडा फिरवला की खालून
जाड काळ्या दोऱ्या.

नोन्ना गेली तेव्हा घर आईला मिळालं,
ऑलिव्हची झाडं क्रोचिफिस्सा मावशीला.
यंत्राचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.
म्हणून ते दोघींचं राहिलं,
म्हणजे खरं तर माझं,
कारण दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या
आणि ओझं वाहायला मी होतो.

आमच्या गल्लीला एकशे बारा पायऱ्या.
टॉवेलात गुंडाळलेलं ते धूड पोटाशी धरून
मी मधल्या नळापाशी टेकायचो.
पिप्पिनो न्हावी दारातून ओरडायचा,
“काय तानो, कोणाचं बाळ रे हे?”

आई म्हणायची, तिला काही सांगू नकोस.
पण लवंग इतकी घालू नये, म्हणावं कुणीतरी.
मावशी म्हणायची, मी कशाला बोलू?
पण लवंगेशिवाय सारण करणाऱ्यांच्या घरी
नाताळ येतो तरी कसा, मला नवल वाटतं.
मी दोन्ही वाक्यं पायऱ्यांवरच सांडून यायचो.

एका बाबतीत मात्र दोघींची चढाओढ:
यंत्र परत जाताना लख्ख हवं.
सुऱ्या सुटं करून धुतलेल्या,
मळसूत्राला तेलाचा हात,
दुसरीला नाक मुरडायला जागा नको.

मी चौदाचा होतो त्या वर्षी
ते खाली आलं न धुता.
मळसूत्रात मूठभर सारण अडकलेलं,
सुरीला अंजिराच्या बिया चिकटलेल्या.
“बघितलंस?” आई म्हणाली, “आता एवढीही लाज नाही.”
विणायच्या सुईनं ती ते उकरू लागली,
तोंडानं पट्टा चालूच,
आणि सवयीनं बोट चाटलं.

पट्टा थांबला.
तिनं पुन्हा चाटलं.
मग माझ्याकडे बोट धरलं, “तू बघ.”
अंजीर होते, बदाम होते, मध होता,
दालचिनीही लागली जिभेला.
लवंग नव्हती.
एकसुद्धा.

आई खुर्चीवर बसली, पिठाच्या हातांनी.
विचारलं, “वर कशी होती ती? काय म्हणाली तुला?”
मी आठवून सांगितलं:
मावशीनं मला दोनदा विचारलं, कोणाचा रे तू.
मला वाटलं, थट्टा करतेय,
पिप्पिनोसारखी.

आईनं फडताळातून मागची बरणी काढली.
आमच्याकडे लवंग होती, हे मला तोवर माहीत नव्हतं.
मूठभर खिशात टाकली,
एप्रन न सोडताच निघाली,
आणि दारातून एवढंच बोलली,
“भट्टीकडे लक्ष ठेव. कडा तांबूस झाल्या की काढ.”

खिडकीतून मी तिला बघत राहिलो.
नळापाशी ती टेकली नाही.
वर काय झालं, कुणी आधी तोंड उघडलं,
ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही.
मी बघत राहिलो आणि
पहिलं ताट जळलं,
घरभर करपलेल्या अंजिरांचा वास.
अंधार पडल्यावर आई परतली,
ताट बघून रागावली नाही,
वरवरचं कोळसं खरवडून
एकेक खात बसली.

यंत्र आता माझ्याकडे आहे.
डिसेंबर लागला की मी पारी लाटतो,
मधोमध सारणाची दोरी ठेवतो, गुंडाळतो,
कातण्यानं तुकडे पाडतो, नालासारखे वाकवतो,
पाठीवर सुरीनं चिरा देतो.
अर्ध्या सारणात लवंग घालतो, अर्ध्यात नाही.
लवंगेच्यांना एक चीर जास्त, खुणेसाठी.

पोरं म्हणतात, बाबा, चव तर सारखीच लागते.
मी म्हणतो, खा मुकाट्यानं,
आणि यंत्र धुवायला घेतो,
मळसूत्रापर्यंत जाऊन थांबतो,
थोडं सारण तिथं राहू देतो
दुसऱ्या दिवसापर्यंत.